चपला घालताना सांगितलेली गोष्ट

बायकांच्या भिशीत काय बोललं जात नाही? कुणाची शुगर किती, कुणाच्या गुडघ्यात किती झीज, कुणाच्या सुनेने काय केलं... सगळं उघड. पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्री घामाने चिंब झालेला गाऊन, उगाचच येणारं रडू, यावरही आता हसत हसत गप्पा होतात. आपल्या आयांच्या वेळी हेही नव्हतं. पण एक गोष्ट अजूनही सगळ्याजणी गोल करून बसलेल्या असताना निघत नाही. ती निघते बाकीच्या गेल्यावर, दारात चपला घालताना. तीही आवाज खाली घेऊन.

आमच्या भिशीतली एक मैत्रीण अशीच मागे रेंगाळली. वय ५२. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. पदर सारखा करत म्हणाली, “काही नाही गं... हल्ली ह्यांच्याजवळ जायचं म्हटलं की पोटात गोळाच येतो. आत कुणी ब्लेड फिरवल्यासारखं दुखतं. मी रात्री मुद्दाम उशिरापर्यंत ओटा पुसत बसते, हे झोपेपर्यंत.”

आणि मी काय म्हणाले? आपण सगळ्या जे म्हणतो तेच. “अगं, आता वय झालं आपलं. नातवंडांत रमायचं.” तिने मान हलवली, चपला घातल्या आणि गेली.

रात्री मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. गुडघा दुखला तरी आपण “वय झालं” म्हणतो, पण हाडांच्या डॉक्टरकडे जातोच ना? जवळचं दिसेनासं झालं की चष्मा करतो. दात पडले की कवळी बसवतो. मग या एकाच दुखण्याला “वय झालं” एवढंच उत्तर का? रोज रात्री चकचकीत ओटा पुन्हा पुसणारी बाई डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी तिला फोन केला आणि म्हटलं, “चल, डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर.” ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, “पण सांगायचं काय गं तिथे? कुठल्या शब्दात?”

मैत्रिणींनो, खरी अडचण इथेच आहे. पोट दुखतं, डोकं दुखतं, कंबर दुखते, हे आपण बिनधास्त सांगतो. पण इथे “खाली दुखतं” यापुढे आपली मराठी जात नाही. आणि “खाली दुखतं” म्हटलं की डॉक्टरला वाटतं, ओटीपोट दुखतंय किंवा लघवीला जळजळतंय. तपासणी तिकडे वळते, गोळ्या वेगळ्याच मिळतात. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि बायका-पुरुषांच्या शरीराबद्दल मराठीत सरळ लिहायला सुरुवात केली. त्यापायी त्यांना कोर्टात खेचलं गेलं. त्याला शंभर वर्षं होत आली. तरी आपल्या तोंडी अजून शब्द नाहीत! म्हणून आधी शब्द घ्या. “संबंधाच्या वेळी दुखतं.” बस्स, तीनच शब्द आहेत. कुठल्याही डॉक्टरला ते कळतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता हे दुखतं का, ते बघू. आपल्या बीजकोशांतून, म्हणजे ओव्हरीजमधून, इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन पाझरत असतं. ते फक्त पाळीपुरतं नसतं. योनिमार्गाची आतली कातडी जाडसर, लवचिक, चुण्यांची आणि ओलसर ठेवण्याचं कामही तेच करतं. पाळी थांबते म्हणजे हे पाझरणं जवळजवळ थांबतं. मग ती कातडी हळूहळू पातळ होते, चुण्या सपाट होतात, ओलावा आटतो, तोंडाशी आक्रसल्यासारखं होतं. उन्हाळ्यात ओठ कसे फुटतात? तसंच काहीसं आतल्या आत होतं. अशा कातडीवर घर्षण झालं की ती चिरते. कधी जळजळतं, कधी थेंबभर रक्तही दिसतं.

अजून एक गंमत आहे, आपल्या स्वयंपाकघराशी नातं सांगणारी. दह्याच्या विरजणात जे जंतू असतात ना, त्यांचेच भाऊबंद आपल्या योनिमार्गात वस्तीला असतात. ते तिथे आंबटपणा टिकवून ठेवतात आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की या चांगल्या जंतूंचं खाद्य कमी होतं, आंबटपणा जातो आणि मग खाज, घाण वास, वारंवार लघवीचं इन्फेक्शन सुरू होतं. लघवीच्या वाटेची कातडीही याच हार्मोनवर पोसलेली असते. त्यामुळे लघवीला सारखं लागणं, थांबवता न येणं, हेही त्याच घरातलं दुखणं. २०१४ पर्यंत डॉक्टर याला नुसतं योनीचा शुष्कपणा, सुकणं असं म्हणत. त्या वर्षी तज्ज्ञांच्या संस्थांनी नावच बदललं आणि योनी व मूत्रमार्ग दोन्ही त्यात घेतले. मला ते बरं वाटलं. “सुकलेली बाई” हे ऐकायला कुणाला आवडेल?

पाळी गेलेल्या साधारण निम्म्या बायकांना यातलं काही ना काही होतं. आणि अंगातल्या वाफा जशा काही वर्षांनी आपोआप कमी होतात, तसं याचं नाही. हे आपोआप जात नाही, उलट वर्षागणिक वाढतं. “थोडे दिवस सहन कर, जाईल” हा सल्ला इथे लागू पडत नाही. शिवाय एकदा दुखलं की पुढच्या वेळी बाई आधीच अंग आवळून घेते. आवळलेल्या अंगात आणखी दुखतं. दुखण्याची भीती आणि भीतीने दुखणं, असं ते चाक फिरत राहतं.

नवऱ्याला यातलं काही माहीत नसतं. बायको लांब सरकते, आजारी असल्याचं सांगते, नातवाला मधे घेऊन झोपते. त्याला वाटतं, हिचं मन उडालं. कुणी गप्प होतो, कुणी घुम्यासारखा टीव्हीपुढे बसतो, कुणी चिडतो, कुणी संशय घेतो. आणि काही घरांत तर तिचं दुखणं विचारातच न घेता जबरदस्ती होते, तेही लपवण्यात अर्थ नाही. जिथे माणूस समजूतदार आहे, तिथेही दोघं वर्षानुवर्षं एका गैरसमजाच्या दोन बाजूंना झोपलेले असतात.

बाई मग उपाय शोधते, पण एकटीच. मेडिकलसमोर उभी राहते. गिऱ्हाइकं जाईपर्यंत कोलगेटच्या किमती वाचत राहते. काउंटरवर गल्लीतल्याच ओळखीच्या काकूंचा मुलगा. त्याला काय सांगणार? “खाजेची ट्यूब दे.” तो देतो. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं आणि आधीच पातळ झालेली कातडी अजून पातळ होते. दुसरी कुणी डेटॉलच्या पाण्याने धुते, तिसरी साबणाने खसाखसा. “स्वच्छता कमी पडली असेल,” असं तिला वाटतं. अहो, स्वच्छतेचा काही संबंध नाही! आतला भाग धुवायचाच नसतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. खोबरेल तेलाने तात्पुरतं घर्षण कमी होतं हे खरं, पण कंडोम वापरत असाल तर तेलाने तो फाटू शकतो. त्यापेक्षा पाण्यात विरघळणारं वंगण जेलीच्या रूपात मेडिकलमध्ये मिळतं. ते संबंधाच्या वेळी लावायचं. आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं ओलावा टिकवणारं जेलही मिळतं. त्रास थोडा असेल तर एवढ्यावर भागतं. त्यात हार्मोन नसतं, चिठ्ठी लागत नाही.

पण माझ्या मैत्रिणीचं एवढ्यावर भागणारं नव्हतं.

आम्ही गेलो त्या लेडी डॉक्टर बऱ्या निघाल्या. (सगळ्याच निघतात असं नाही. एका मोठ्या गावच्या दवाखान्यात माझ्याच एका नातेवाईक बाईला “या वयात अजून संबंध ठेवता?” असं भर ओपीडीत विचारलं होतं. त्यानंतर तिने कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही.) या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. पाळी कधी गेली? मध्ये कधी रक्त दिसलं का? घरात कुणाला स्तनांचा कॅन्सर? पायात गाठ होऊन रक्त गोठलं होतं का? मग पडद्याआड, नर्सला जवळ ठेवून, हलक्या हाताने तपासलं. तपासताना दुखलं तेव्हा थांबल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “ताई, तुमच्या मनात काही नाही, अंगात आहे. आतली कातडी उपाशी आहे. तिला तिचं हार्मोन जागेवरच द्यायचं.”

जागेवरच द्यायचं! ही त्यातली मुख्य गोष्ट. हार्मोन म्हटलं की आपल्याला पोटात घ्यायच्या गोळ्या आठवतात. ही औषधं वेगळी. इस्ट्रिऑल नावाचं सौम्य इस्ट्रोजेन क्रीममध्ये मिळतं, इस्ट्रॅडिओलची योनीत ठेवायची चिमुकली गोळी असते. आणखी एक जुनं क्रीम आहे, ते गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनचं असतं. कुणाला ते चालणार नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, दुसरे प्रकार आहेतच. क्रीमसोबत सुईशिवायच्या इंजेक्शनसारखी एक प्लॅस्टिकची नळी येते. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत ती भरायची आणि रात्री झोपताना आत ठेवून दाबायची. साधारण पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. वार ठरवून टाकले की विसरत नाही. माझ्या मैत्रिणीने सोमवार-गुरुवार धरले. भाजीबाजाराचे वार आहेत ते आमच्याकडे!

एक चूक पुष्कळजणी करतात, म्हणून सांगते. हे क्रीम म्हणजे वंगण नव्हे. संबंधाच्या आधी लावायचं नसतं. तसं केलं तर औषध नवऱ्याच्या अंगाला लागतं आणि तुमच्या कामाला येत नाही. ते खत घातल्यासारखं आहे. आज घातलं, उद्या फूल, असं होत नाही. दोन-तीन आठवड्यांत बरं वाटायला लागतं, पूर्ण फरक पडायला तीन महिनेही लागतात. तोवर घाई करायची नाही, नवऱ्यालाही करू द्यायची नाही. आणि बरं वाटलं म्हणून सोडून दिलं की काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे. आतलं हार्मोन काही परत सुरू झालेलं नसतं. म्हणून डॉक्टरांना दाखवत दाखवत ते चालू ठेवायचं.

मैत्रिणीने ट्यूब आणली आणि चौथ्या दिवशी कपाटात साड्यांच्या मागे टाकून दिली. का? तर मुलीने खोक्यातला कागद वाचला. “आई, यात कॅन्सर लिहिलंय. हार्ट अटॅक लिहिलंय.” झालं! घरात घबराट. “दुखू दे, पण कॅन्सर नको गं बाई,” असं म्हणून ती पुन्हा ओटा पुसायला लागली.

या भीतीचं मूळ माहीत करून घ्यायला हवं. अमेरिकेत १६ हजारांहून जास्त बायकांवर हार्मोनच्या गोळ्यांचा एक मोठा अभ्यास चालू होता. वय ५० ते ७९, सरासरी ६३. गोळ्या तोंडाने घ्यायच्या आणि दोन हार्मोन्स एकत्र असलेल्या. जुलै २००२ मध्ये तो अभ्यास मधेच थांबवला गेला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनांचा कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकार, रक्ताच्या गाठी जास्त दिसल्या. जास्त म्हणजे किती? स्तनांच्या कॅन्सरचं बघायचं तर दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जणी जास्त. बातमी जगभर पसरली आणि बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. पुढे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने चौकटीतला काळा इशारा छापायला लावला, तो इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर. पोटातल्या गोळीवर जो, तोच योनीतल्या चिमुकल्या क्रीमवर!

आता जरा हिशेब करू. योनीत ठेवायची इस्ट्रॅडिओलची कमी ताकदीची गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले दोन आठवडे रोज म्हणजे १४, मग वर्षभर आठवड्याला दोन म्हणजे सुमारे १००. सगळ्या मिळून वर्षाला १.१४ मिलिग्रॅमच्या आसपास. तोंडाने घ्यायची याच हार्मोनची नेहमीची एक गोळी १ किंवा २ मिलिग्रॅमची असते, आणि ती रोज एक घेतात. म्हणजे वर्षभर योनीत ठेवायचं औषध हे पोटातल्या एका दिवसाच्या गोळीएवढं. त्यातलंही रक्तात फारच थोडं उतरतं. त्याच अमेरिकन प्रकल्पाच्या दुसऱ्या भागातल्या ज्या बायका पोटातल्या गोळ्या न घेता फक्त योनीतलं इस्ट्रोजेन वापरत होत्या, त्यांची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात कॅन्सर किंवा हृदयविकार वाढलेला आढळला नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच संस्थेने हृदयविकार, स्तनांचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा चौकटीतला इशारा या औषधांवरून काढून टाकायचं जाहीर केलं. तेवीस वर्षं लागली! मधल्या काळात किती बायकांनी किती रात्री ओटे पुसले असतील?

याचा अर्थ डोळे मिटून वापरायचं, असा नाही. जिला स्तनांचा किंवा गर्भपिशवीचा कॅन्सर होऊन गेलाय, तिने आधी बिनहार्मोनची जेल वापरून बघायची. त्याने भागलंच नाही तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचं. कारण कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांचं कामच इस्ट्रोजेन दाबायचं असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून पुन्हा रक्त गेलं, मग ते डागभर का असेना, तर आधी तपासणी. क्रीम नंतर. ते कोरडेपणाचंच असेल, पण पिशवीच्या किंवा पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचंही असू शकतं. घरी बसून ते ओळखता येत नाही. दुखण्यालाही दुसरी कारणं असतात. पिशवी खाली आलेली असते, आत सूज असते, कातडीचा पांढऱ्या चट्ट्यांचा आजार असतो. म्हणूनच हे औषध चिठ्ठीवर आहे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून ती १० मायक्रोग्रॅमची गोळी पन्नाशी उलटलेल्या बायकांना फार्मासिस्टशी बोलून चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडेही तसं व्हावं का? मला विचाराल तर इतक्यात नको. तिथल्या बाईची तपासणी वेळोवेळी झालेली असते. आपल्यातल्या कितीजणी शेवटच्या बाळंतपणानंतर तपासायच्या टेबलावर चढल्यात?

हे मी हवेत बोलत नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हापासून रस्ते झाले, दवाखाने झाले, आशाताई आल्या. पण या सगळ्या व्यवस्थेचं लक्ष बाईच्या पोटातल्या बाळावर. बाळ बाहेर आलं की बाईचं काम संपलं. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात संबंधानंतर रक्त जातं का, हा प्रश्न आहे. चांगलंच आहे, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून तो आहे. त्याच्याच खाली “दुखतं का?” एवढा एक प्रश्न घातला तर? रक्ताची दखल आहे, दुखण्याची नाही.

आणि हे फक्त पन्नाशीचं दुखणं आहे असंही समजू नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण आपण सगळ्यांनी वाचलं. सरकारी समिती नेमली गेली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. फडावर पाळीचे दिवस परवडत नाहीत, खाडा केला की पैसे कापले जातात, म्हणून तिशीतच पोट उघडून घेतलेल्या बाया. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तर हार्मोन काही वर्षं चालू राहतं, तरी ते लवकर संपण्याची शक्यता असते. पण पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर त्या दिवसापासून इस्ट्रोजेन जवळजवळ बंद. वय ३२ आणि अंग पन्नाशीपुढचं. हाडं ठिसूळ, अंगात वाफा आणि खाली हे दुखणं. घरात तरुण नवरा. त्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं की हे ऑपरेशनमुळे आहे. ती म्हणते, नशीब.

पिशवी काढलेल्या मैत्रिणींना माझी एक विनंती आहे. डिस्चार्ज कार्ड शोधा. ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत, कुठेतरी असेल. त्यावर ‘बीएसओ’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर तुमचे दोन्ही बीजकोश काढलेले आहेत. ते कार्ड घेऊन डॉक्टरकडे जा. चाळिशीच्या आत असं झालेल्या बाईला नुसतं क्रीम पुरत नाही. दुसरं काही आडकाठी नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत पोटातून किंवा कातडीवरून हार्मोन द्यावं असंच तज्ज्ञ सांगतात, हाडांसाठी आणि हृदयासाठीसुद्धा. तिच्यासाठी ते हार्मोन हौसेचं नाही. तिच्याकडून काढून घेतलेलं परत देणं आहे.

आता एक प्रश्न, जो काही जणींच्या मनात आला असेल. हे सगळं शेवटी नवऱ्यासाठीच ना? त्याला हवं म्हणून बाईने ट्यूब लावायची?

मीही हा विचार केला. आणि मैत्रिणीला सरळ विचारलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मलाही हवं असतं गं. मुलं लहान होती, सासूबाई पलीकडे झोपायच्या, तेव्हा कधी धड निवांत मिळालं नाही. आता घर रिकामं आहे, हे रिटायर झालेत, तर हे असं.” पन्नाशीच्या बाईच्या तोंडून हे ऐकून मला पहिल्यांदा कसंसंच झालं, आणि मग स्वतःचाच राग आला. तिने का नाही म्हणायचं?

पण जिला नको आहे तिचं ‘नको’ही तितकंच खरं. औषध घेतलं म्हणजे होकार दिला असं नाही. दुखणं बरं झाल्यावरसुद्धा ‘आज नको’ म्हणता येतं. हे औषध तिच्या कातडीसाठी आहे, नवऱ्याच्या हक्कासाठी नाही. आणि विधवा, एकट्या राहणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकांनाही हा त्रास होतो. बसताना टोचतं, चालताना घासतं, महिन्या-दोन महिन्याला लघवीचं इन्फेक्शन होतं आणि दर वेळी अँटिबायोटिक्स खाऊन पोट बिघडतं. वारंवार होणारं ते इन्फेक्शनही या क्रीमने कमी होतं. पण विधवा बाईने हे मागायचं कसं? लोक काय म्हणतील? डॉक्टर काय म्हणतील? डॉक्टर काही म्हणणार नाहीत. म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा.

लेडी डॉक्टर गावात नसेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारून जा. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना बाई सोबत हवी, असं आधीच सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही. तपासताना दुखलं तर “थांबा” म्हणा. आणि चिठ्ठीवर काय लिहिलं, किती दिवस, कुठल्या खुणेपर्यंत, हे तिथेच विचारून घ्या. मेडिकलवाल्याला विचारायची पाळी येऊ देऊ नका.

नवऱ्याला कसं सांगायचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. माझ्या मैत्रिणीने आपण होऊन काहीच सांगितलं नाही. ट्यूब मुद्दाम आरशाखाली ठेवली. चार दिवसांनी ह्यांनी विचारलंच, “हे कसलं औषध?” तिने सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “दोन वर्षं बोलली का नाहीस? मला वाटलं, माझाच कंटाळा आलाय.” हे सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

कागदाची भीती जायला वेळ लागला. मी वरचा हिशेब तिला वहीच्या पानावर मांडून दाखवला, डॉक्टरांनी फोनवर मुलीलाही समजावलं, तेव्हा कुठे ट्यूब साड्यांमागून बाहेर आली आणि आरशाखाली गेली. त्याला आता पाच महिने झाले. परवाच्या भिशीत ती पुन्हा मागे रेंगाळली. मला वाटलं, आता काय? चपलेत पाय घालत म्हणाली, “अगं, माझ्या नणंदेलाही असंच होतंय. माझी अर्धी ट्यूब शिल्लक आहे. देऊ का तिला?”

“तिची मागच्या वर्षी छातीत गाठ निघाली होती ना?” मी विचारलं.

“हो गं. ऑपरेशन झालं. गोळी चालू आहे अजून.”

“मग ट्यूब बिलकुल देऊ नकोस. तिचे कागद घे आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा.”

“मी?” ती म्हणाली. मग पर्स उघडून डायरीत बघितलं. “गुरुवारी बाजारच आहे नाहीतरी. जाता जाता जाऊ.”